पहाटेचं मटण

“कुसुम, हे रक्त हाय के फालूदा?”

फ्रेनी मॅडमनी बाटली खिडकीच्या उजेडात उचलून धरली होती. तळाशी तांबड्या पेशी बसल्या होत्या, त्या ठीक होत्या. त्यांच्यावर पिवळसर, नितळ पाण्याचा थर दिसायला हवा होता. तिथे सायीसारखं पांढरट काहीतरी दाटलं होतं. त्यांनी बाटली हलवली, तर सगळं मिळून खरोखरच फालूद्याच्या रंगाचं झालं. फक्त सब्जा तेवढा नव्हता.

“दुसरी बघ,” त्या म्हणाल्या.

दुसरी तशीच. तिसरी तशीच. आठांपैकी सहा तशाच.

आमच्या मागे टेबलावर मथुरा घरत नावाची एकोणीस वर्षांची मुलगी बेशुद्ध होती. तिची छाती पाच मिनिटांपूर्वी उघडली गेली होती, आणि या आठ बाटल्या तिच्या ऑपरेशनसाठी होत्या.

ही अडुसष्ट सालची गोष्ट. मी आता त्र्याऐंशीची आहे. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारपर्यंत आठवत नाही, पण त्या आठ बाटल्यांवर चिकटवलेली नावं आजही ओळीने सांगेन.

मुंबईतलं धर्मादाय हॉस्पिटल होतं. हृदय उघडून शस्त्रक्रिया करण्याचा विभाग नवा होता आणि विभागाचे प्रमुख डॉ. यशवंत नाबर विलायतेहून नुकतेच परतले होते, म्हणजे सहा वर्षांपूर्वी. पण ते रोज सकाळी नुकतेच परतल्यासारखे येत. मी शरीरशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, त्यामुळे मला तिथे भांडी घासायचं काम मिळालं.

अतिशयोक्ती करत नाही. हृदय थांबवून आतलं काम करायचं, तर तेवढा वेळ शरीरात रक्त फिरवायला एक यंत्र लागतं. आमचं यंत्र म्हणजे काचेचं आडवं नळकांडं आणि त्यात दांड्यावर ओवलेल्या स्टीलच्या साठ थाळ्या. थाळ्या रक्तात गरगर फिरत, त्यांच्यावर रक्ताचा पापुद्रा धरे, त्याला वरून प्राणवायू मिळे. ऑपरेशन झालं की त्या साठही थाळ्या एकेक करून मी घासायची. माझी आई शेजारणींना सांगे, “आमची कुसुम संशोधन करते.”

या नळकांड्यात आधी काहीतरी भरावं लागतं, नाहीतर यंत्र रोग्याच्या अंगात हवा सोडेल. नाबर साहेब त्यात रक्त भरत. ताजं, त्याच सकाळी काढलेलं, आठ माणसांचं. “रक्ताला पर्याय रक्तच,” हे त्यांचं वाक्य होतं. रक्तपेढीच्या दारावर त्यांनी ते पाटीवर रंगवून घेतलं होतं. खाली स्वतःचं नाव घालायचा मोह त्यांनी आवरला, एवढा विनय त्यांच्यात होता.

अकरा ऑपरेशनं तशी झाली. अकराही यशस्वी. चार रोगी मात्र शुद्धीवर आले नाहीत, किंवा आले ते आईला ओळखेनात, किंवा त्यांची लघवीच बंद झाली. साहेब चार्टवर लिहीत, शस्त्रक्रिया उत्तम. रोग्यांनी नंतर घरचा काही गोंधळ केला असावा, असा एकूण सूर असे.

हे असं का होतं, ते मला दिसत होतं. अक्षरशः दिसत होतं. डोळ्यांच्या विभागाने भंगारात काढलेली एक दुर्बीण फ्रेनी मॅडमनी मिळवली होती. डॉ. फ्रेनी दारूवाला आमच्या भूलतज्ज्ञ. उंच, सडसडीत, खिशात कायम बडीशेप. रोग्याच्या डोक्याशी त्यांचं राज्य असे, आणि मध्ये हिरवा पडदा असल्याने सर्जनला पलीकडचं काही दिसत नसे. पंप चालवायला एक ज्युनियर डॉक्टर असायचा. मी रक्ताचे नमुने तपासून झाले की मॅडमच्या शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि बेशुद्ध रोग्याची पापणी हळूच वर करून दुर्बिणीतून डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे बघायची.

तिथे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या असतात. अंगातल्या इतर बारीक वाहिन्या मांसाखाली दडलेल्या, या मात्र उघड्यावर. मेंदूत आणि मूत्रपिंडात जे चाललंय त्याचा नमुना तिथे बघायला मिळतो. निरोगी माणसात त्यांतून रक्त असं सरसरत जातं की नजर ठरत नाही. आमच्या पंपावर दहा मिनिटं झाली की ती धार मंदावे. मग तिचे मणी होत, मण्यांचे खडे होत, आणि मग एकेक बारीक वाहिनी भरल्या भरल्या थांबे. आठ घरच्या पेशी एका भांड्यात आल्या की त्या एकमेकींना चिकटून बसत. मोठ्या नळांतून रक्त जोरात पळत होतं, काटा बरोबर आकडा दाखवत होता, साहेब खूश होते. आणि गल्लीबोळांत पिठलं झालेलं होतं.

मी याची चित्रं काढली. पेन्सिलीने, वेळ घालून, चाळीस पानं. वर एक टिपण जोडलं, की परदेशात काही जण यंत्रात निम्म्याहून अधिक सलाइन आणि ग्लुकोज भरतात, रक्त पातळ होतं आणि बारीक वाहिन्यांतून सहज वाहतं, आपणही एकदा करून पाहावं.

साहेबांनी सगळी पानं उलटली.

“सुरेख,” ते म्हणाले. “दिवाळी अंकाला पाठवा. रांगोळ्या म्हणून छापतील.”

“सर, पण रक्त थोडं पातळ केलं तर…”

“मिस दिघे, मी सर्जन आहे. गवळी नाही.”

फ्रेनी मॅडम बडीशेप चघळत होत्या. “यशवंत, गवळ्याच्या दुधाने कोणी मेला नाही हां अजून. तुझे चार गेले.”

त्यानंतर महिनाभर साहेब मॅडमशी फक्त चिठ्ठीने बोलत होते.

मथुरा आली ती उरणकडून. लहानपणी सांधे धरले, तापाने हृदयाची झडप आवळली, आणि आता ती पाठ टेकून झोपू शकत नव्हती. रात्रंदिवस बसून असायची, उशीला मिठी मारून. बोलताना चार शब्दांनी थांबायची, पण थांबल्यावर पाचवा शब्द सोडायची नाही. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, “बाय… तुमी रोज डोल्यान बगताव… काय सोना हाय काय त्यान?”

मी खरोखर रोज सांजेला तिचा डोळा बघत होते. ऑपरेशनच्या आधीचा डोळा कसा असतो, याची नोंद मला हवी होती.

तिची आई चांगुणाबाई. नवरा वारलेला, मिठागरावर काम करून हात-पाय चिरलेले. ती खाटेखाली बसून मला निरखायची. एकदा तिने विचारलं, “पोरीच्या डोल्यान काय दिसतं तुमाला?”

मी सांगितलं. अडाणी बाईला काय कळणार, अशी माझी समजूत होती. एम.एस्सी. झाल्यावर अशा समजुती फुकट मिळतात. मी सांगितलं, की रक्त दाट होऊन बारीक नळ्यांत अडतं.

“अडनारच,” ती म्हणाली. “मिठागरान पानी लय दाट झाला का नालीन पुढं सरकत नाय. बसून रवतो. मंग खाडीचा नवा पानी सोडाचा लागतो.”

 माझ्या चाळीस पानांचं टिपण तिने तीन वाक्यांत संपवलं होतं.

“पन बाय,” ती पुढे म्हणाली, “लय सोडून पन चालत नाय हां. लय सोडला त मीठच पिकत नाय.”

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

ऑपरेशन ठरलं. त्यानंतर तीनच दिवसांनी साहेब चार महिन्यांसाठी विलायतेला जाणार होते, आणि मथुराच्या पायावरची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. चार महिने ती थांबणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. गावाकडून आठ जण आले, भाऊ, दीर, भाचे. लाँचने येऊन हॉस्पिटलच्या मागच्या धर्मशाळेत राहिले. नेहमीप्रमाणे मी चांगुणाबाईच्या हातात छापील चिठ्ठी दिली. रक्त देणाऱ्यांनी सकाळी फक्त चहा आणि दोन बिस्किटं घ्यावीत.

साडेआठला रक्त काढलं. दहाला मुलगी टेबलावर आली. साडेदहाला छाती उघडली. आणि मग फ्रेनी मॅडमनी बाटली उचलली.

नाबर साहेब हात धुवायला निघाले होते. छाती उघडण्याचं सुतारकाम ते ज्युनियरांवर सोपवत. मी बाटली त्यांच्यासमोर धरली.

“हे काय?”

“चरबी, सर. रक्तात उतरलेली. देणाऱ्यांनी भरपूर तुपकट खाल्लं असणार.”

“हे आत्ता दिसलं तुम्हाला?”

“आत्ताच, सर.”

“चिठ्ठी दिली नव्हती?”

“दिली होती, सर.”

साहेब टोपी-मास्कसकट बाहेरच्या व्हरांड्यात गेले. मी मागे. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या बाजूला आठही जण ओळीने. तृप्त चेहऱ्याचे. एकाने तर डॉक्टरांना पाहून ढेकर दाबला.

“काय खाऊ घातलंत यांना?”

ती उठून उभी राहिली. “मटन, साहेब.”

“सकाळी?”

“पाचला. धर्मशाल्याच्या मांगं चूल मांडली. मटन, तांदलाच्या भाकऱ्या. नि तुपान शिरा केला.” मग जरा अभिमानाने, “दोन शेर तूप गेला.”

“पहाटे पाच वाजता मटण!” साहेबांचा आवाज फाटला. “अहो, लग्न होतं का कुणाचं?”

“रगत देनार व्हते ना. अंगान ताकद नको?”

“आणि हे दोघे? यांच्या बाटल्या स्वच्छ कशा?”

“यो माजा भाव. मालकरी हाय, मटन शिवत नाय. काला चा पिऊन बसला. नि याचा दात ठनकत व्हता.”

दात ठणकणाऱ्याने पुरावा म्हणून गाल दाखवला.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग फार शांतपणे विचारलं, “बाई, तुम्हाला असं करायला कुणी सांगितलं?”

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. सरळ. मी पायांकडे पाहत होते. हॉस्पिटलच्या फरशीत काळे-पांढरे चौकोन होते, ते मला आजही मोजून सांगता येतील.

“कोन नाय सांगितला,” ती म्हणाली. “माज्याच मनान केला.”

आत आल्यावर साहेबांनी मॅडमना सांगितलं, “छाती बंद करा. ऑपरेशन रद्द.”

“शिवून टाकू?” मॅडम म्हणाल्या. “हो, शिव ना. पण ऐक. हिला परत झोपवायला मला सांगू नको. आज झोपवताना दोन वेळा नाडी गेली हिची. परत झोपवली तर तूच उठव.”

“रक्तपेढीत काय आहे?”

“हिच्या गटाच्या दोन बाटल्या, सर,” मी म्हणाले. “चार दिवसांच्या. नंतर रक्तस्राव झाला तर लागतील म्हणून ठेवल्यात.”

“ताजे आठ दाते मिळायला?”

“गट जुळवून, तपासून… दुपारचे चार वाजतील.”

 टेबलावर त्या मुलीचं हृदय उघड्यावर धडधडत होतं. मी पाहिलं नव्हतं इतकं मोठं, थकलेलं हृदय.

“आपल्याकडे काय काय आहे, मिस दिघे?”

“आजच्या आठांतल्या दोन चांगल्या बाटल्या. आणि सलाइन आणि ग्लुकोज, हवं तेवढं.”

साहेबांनी एकदा बाटल्यांकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. 

“घाला पाणी,” साहेब म्हणाले. “आणि लिहून ठेवा, माझ्या मनाविरुद्ध.”

“लिहिते, सर.”

माझ्या हातांनी मी नळकांडं भरलं. दोन बाटल्या रक्त, बाकी पाणी. थाळ्या फिरू लागल्या तेव्हा त्यांच्यावर जो पापुद्रा धरला तो कोकम सरबतासारखा होता. ज्युनियर डॉक्टर पंपाच्या चक्रावर हात ठेवून माझ्याकडे असा बघत होता, की जणू कोर्टात त्याला साक्ष द्यायची आहे.

“पंप सुरू.”

मी स्टुलावर बसले, मथुराची पापणी वर केली आणि डोळा दुर्बिणीला लावला.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. वाहिन्या फिकट होत गेल्या, मग पांढऱ्यावर पांढऱ्या झाल्या. डोळा रिकामा झाला. माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं, ते बहुधा भरपूर दाट होतं. मॅडमनी मागून विचारलं, “काय हाय?”  मला वाटलं, मी हिला मारलं.

मग कडेला एक धागा हलला.

मी भिंग फिरवलं. धागा थांबला नव्हता, माझीच नजर कमी पडत होती. रक्त इतकं फिकं झालं होतं की रंग दिसत नव्हता, फक्त चाल दिसत होती. एकेक पेशी सुटी सुटी धावत होती. मणी नाहीत, खडे नाहीत. एक वाहिनी, तिच्या बाजूला दुसरी, मग ज्या मी अकरा रोग्यांत कधी उघडलेल्या पाहिल्या नव्हत्या त्या तिसऱ्या-चौथ्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. धार मंदावली नाही. पस्तिसाव्या मिनिटाला मी पेन्सिल उचलली आणि लक्षात आलं, की काढायचं काय? थांबेल तर काढता येईल ना.

“काय हाय, डिकरी?”

“वाहतंय, मॅडम.”

“सगळा?”

“सगळं.”

पडद्यापलीकडून साहेबांचा आवाज आला, “इकडे ऑपरेशन चालू आहे याची कृपया नोंद घ्यावी.”

झडप मोकळी झाली. हृदय परत चालू झालं. सांजेपर्यंत आम्ही दोघी खाटेशी बसून होतो, आणि बघत होतो कुठे, तर लघवीच्या बाटलीकडे. आधीच्या रोग्यांच्या बाटलीत तळाला चहाच्या रंगाचे चार थेंब जमायचे, नाहीतर तेवढेही नाही. इथे पाच वाजता बाटली भरली. मॅडमनी दुसरी लावली. तीही भरली. डॉ. फ्रेनी दारूवाला, एम.डी., बाटली हातात उंच धरून व्हरांड्यात आल्या आणि चांगुणाबाईला म्हणाल्या, “बाई, तुझी पोरी मुतली! मस्त मुतली!” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाटली मधे होती, ती मी काढून घेतली.

साडेसहाला मथुराने डोळे उघडले. नाव विचारलं, ते सांगितलं. आई ओळखली. मग माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

“मिलाला काय… सोना?”

यापुढचं सगळं सरकारी इतिहासात आहे. साहेबांनी पुढच्या वर्षी शोधनिबंध वाचला. रक्त पातळ करण्याचा आमचा अनुभव, बारीक वाहिन्यांवरील परिणामांसह. माझ्या रांगोळ्या त्यात छापल्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आभार होते, विश्वस्तांचे, फोटोग्राफरचे, आणि कु. दिघे यांच्या सहकार्याचे. पाटी उतरवली गेली. “मी पहिल्यापासून म्हणत होतो,” असं साहेब म्हणू लागले, आणि लोक मान डोलवू लागले. मटणाचा उल्लेख निबंधात नव्हता. संशोधनात पूर्वसुरींचा उल्लेख करायची पद्धत असते, पण असो.

मग त्यांना पाण्याचं वेड लागलं. रक्तावर पूर्वी जेवढी भक्ती होती, तेवढीच. दोन बाटल्यांची एक झाली, एकीची शून्य. सहा महिन्यांनी साताऱ्याकडचे एक शाळामास्तर टेबलावर होते. दुर्बिणीतून पाहिलं, तर वाहिन्या झुळझुळ वाहत होत्या, इतक्या सुंदर की मी कधी पाहिल्या नव्हत्या. फक्त त्यांत पेशी अगदी विरळ होत्या. धार होती, पण ती नेणार काय होती? आणि डोळ्याचा पांढरा भाग फुगत चालला होता, शिजवलेल्या साबुदाण्यासारखा. पाणी वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपत होतं.

“सर, रक्त घाला,” मी पडद्यावरून म्हणाले. “फार पातळ झालंय. प्राणवायू पोचत नाहीये, अंगात पाणी भरतंय.”

“मिस दिघे,” ते मान वर न करता म्हणाले, “तुम्हीच ना पाण्याच्या बाजूच्या?”

मास्तर तिसऱ्या दिवशी गेले. चेहरा एवढा सुजला होता की बायकोने पहिल्यांदा ओळखला नाही. त्या दिवशी मला चांगुणाबाईचं ते वाक्य ऐकू आलं. लय सोडला त मीठच पिकत नाय. किती सोडायचं, याचा हिशोब बसवायला आम्हाला आणखी दोन वर्षं लागली. तो मी बसवला. त्या निबंधावरही माझं नाव बारीकच आहे, पण आता मला मोठं अक्षरसुद्धा दिसत नाही, तेव्हा तक्रार नाही.

राहिला तो एवढाच, मथुरा घरी गेली तो दिवस.

ऑपरेशननंतर चौथ्या आठवड्यात ती माझ्यासोबत जिना उतरून चालत गेली. फाटकाशी टॅक्सी उभी होती, माळकरी मामा आत सामान लावत होता. चांगुणाबाईने मला बाजूला घेतलं आणि माझ्या हातात जाड्या मिठाची पुरचुंडी ठेवली. मी पिशवीत टाकून निघणार, तर तिने मनगट धरलं.

“बाय, ती चिठी.”

“कुठली?”

“चाची. मना वाचता येत नाय. माज्या भावान वाचून दावली. चा नि दोन बिस्कुटा. त्याच येलेला.”

मी पिशवी खाली ठेवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सांजेला, चिठ्ठी तिच्या हातात ठेवून झाल्यावर मी तिच्याजवळ बसले होते. तिने विचारलं होतं, “सकाली काय घालू यांना?” आणि मी म्हणाले होते, “पहाटे पाचला पोटभर जेवू घाला. मटण घाला, तूप घाला. तुपाला हात आखडू नका.” आधीच्या दिवाळीत एका दात्याने फराळ हाणून साडेतीन तासांनी रक्त दिलं होतं. त्याच्या बाटलीत साय आली होती, आणि बाटली मीच फेकली होती. पाच आणि साडेतीन किती होतात, ते मला येत होतं. आणि थिएटरमध्ये त्या बाटल्या नऊ वाजल्यापासून माझ्यासमोर होत्या. साय वर यायला वीस मिनिटं लागतात. करवतीचा आवाज येईपर्यंत मी त्या खिडकीकडे पाठ करून थाळ्या पुसत बसले होते. आधी बोलले असते, तर साहेबांनी ऑपरेशन रद्द केलं असतं. मग विलायत, आणि मग मथुरा नाही.

आणि पाणी घालून ती जगली नसती तर? तो विचार मी केला होता. करून बाजूला ठेवला होता. सव्विसाव्या वर्षी ते जमतं.

“भाव म्हनला, बाय कायतरी चुकतंय, इचार तिला,” चांगुणाबाई म्हणाली. “मी म्हनली, नको. ती रोज येऊन माज्या पोरीचा डोला बगतं. तो साहेब निसता कागुद बगतो. ती मटन म्हनली त मटन.”

“चांगुणाबाई, मी…”

“नको सांगू.” तिने मनगट सोडलं. टॅक्सीतून मथुरा हात हलवत होती, एका दमात काहीतरी लांबलचक ओरडत होती, न थांबता. आईने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी तुला का म्हनून इचारला नाय, बाय. पोरगी मेली असती त इचारला असता.”